गोळ्या चालू, मग रिपोर्टमध्ये आजार वाढला कसा?

मणक्याच्या टीबीचे पेशंट दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात, रिपोर्टमध्ये ‘सूज वाढली’ असं वाचतात आणि घरचे हवालदिल होतात. पाठ कमी दुखतेय, भूक लागतेय, तरी असं कसं? मी रेडिओलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट आम्हीच लिहितो, तेव्हा उलगडाही आम्हीच करायला हवा.

लंडनचे सर्जन पर्सिव्हल पॉट यांनी 1779 मध्ये या आजाराबद्दल लिहिलं, तेव्हा कुबड येऊन पाय लुळे पडल्यावरच तो ओळखू यायचा. एक्स-रेलासुद्धा उशिराच कळतं, हाड बरंच झिजल्यावर. एमआरआय मात्र हाडाच्या मगजातली सूजही टिपतो. निदानाला त्याला तोड नाही, पण उपचारांची प्रगती बघताना हाच बारकावा फसवतो. जंतू मरू लागले तरी हाडातली सूज महिनोन्‌महिने रेंगाळते. सुरुवातीला मणका आणखी थोडा खचतोही.

म्हणून मी आधी पू बघते. मज्जारज्जूलगतचा आणि कमरेच्या सोआस स्नायूतला. शिलाईकाम करणाऱ्या एका ताईंच्या दुसऱ्या एमआरआयमध्ये मणके पहिल्यापेक्षा वाईट दिसत होते, पण सोआसमधला पू निम्म्याहून कमी झाला होता आणि त्या पुन्हा मशीनवर बसू लागल्या होत्या. औषधं बदलायचं कारणच नव्हतं. पुढे एमआरआयच्या टी-वन प्रकारच्या चित्रात खरी खूण दिसली. मोठ्या माणसाच्या निरोगी मगजात चरबी असते, ती तिथे उजळ दिसते. आजारात तो भाग काळा पडतो आणि बरं होताना चरबी परतू लागली की अनेकदा कडेकडून उजळतो. त्यांच्या काळ्या मणक्यांना तशी उजळ किनार आली होती.

टीबी नसलेल्या, साध्या जंतूंमुळे होणाऱ्या मणक्याच्या संसर्गातही, पेशंट सुधारत असेल आणि रक्तातली सीआरपी (सूज दाखवणारी तपासणी) उतरत असेल तर ठरावीक काळाने एमआरआय करत राहू नये, असं अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 मध्ये सुचवलं. मला ते मनापासून पटतं. आपल्याकडे या तपासणीपायी घरं कर्ज काढतात.

दुखणं वाढलं, पायांना मुंग्या आल्या, चालताना तोल जाऊ लागला, लघवी अडली, तर मात्र एक दिवसही थांबू नका. तेव्हा एमआरआय लागतोच. औषधांना न जुमानणारा टीबी आहे का, हे बघायला सुई घालून नमुना काढावा लागू शकतो. आणि येताना जुनी सीडी आणा. नुसत्या छापील रिपोर्टवरून आम्हाला पू मोजता येत नाही.