पिंपात मिसळलेलं गाव

मतमोजणीच्या टेबलावर यंत्र येतं तेव्हा ते आधी आपल्याकडं नाही, जाळीपलीकडच्या प्रतिनिधींकडं वळवायचं. पेटीवरचा क्रमांक दाखवायचा, सील दाखवायचं, पत्ता-चिठ्ठीवरची सही दाखवायची. सगळ्यांच्या माना हलल्या की मग झाकण उघडायचं, 'रिझल्ट'च्या बटणावरच्या कागदी सीलला भोक पाडायचं आणि बटण दाबायचं. बीप वाजतो. आधी एकूण मतं, मग एक नंबरच्या उमेदवाराची, मग दोन नंबरच्या. मी आकडा मोठ्यानं वाचायचो, शेजारचा सहायक लिहायचा आणि जाळीपलीकडं पाच-सहा पेनं एकदम चालायची. शेवटी बेरीज 17-सी नमुन्यावरच्या आकड्याशी जुळली की सह्या. एका यंत्राला पाच-सात मिनिटं. तेवढ्यात एका गावाच्या, निदान एका गल्लीच्या मनात काय होतं ते कागदावर उतरलेलं असायचं.

मी शिक्षक. निवडणुकीची ड्यूटी आमच्या पाचवीला पुजलेली. पण मोजणीच्या ड्यूटीला मी कधी नाखूश नव्हतो. कोल्हापूर लोकसभेच्या 1998 च्या मोजणीला मी टेबलावर होतो आणि 16 मे 2009 च्या मोजणीलाही. योगायोग असा की सदाशिवराव मंडलिकांचा लोकसभेचा पहिला विजय आणि शेवटचा विजय असे दोन्ही मी आकड्या-आकड्यानं मोजले. पहिला कागदावर, शेवटचा यंत्रावर. या दोन मोजण्यांत जे बदललं ते मला त्या निकालांपेक्षाही मोठं वाटतं.

कागदाचं काम अंगमेहनतीचं. पेटी फोडली की मतपत्रिकांचा ढीग टेबलावर पडायचा. आधी नुसती संख्या मोजायची, पन्नास-पन्नासाचे गठ्ठे बांधायचे, आणि मग ते गठ्ठे मोठ्या पिंपात जायचे. तिथं वेगवेगळ्या केंद्रांचे गठ्ठे एकमेकांत मिसळायचे. कागलचा गठ्ठा, मुरगूडचा गठ्ठा, कुठल्या वाडीचा गठ्ठा, सगळं एक. त्यातून आमच्या टेबलावर जे यायचं ते कुठल्याच गावाचं नसायचं. मग उमेदवारागणिक खणात पत्रिका टाकायच्या. फुलीचा शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडलेला, शिक्क्याऐवजी शाईचा अंगठाच उमटलेला, अशा संशयित पत्रिका बाजूला काढून साहेबांकडं पाठवायच्या. अंगठा उमटवलेली पत्रिका बाद व्हायची. कुणी म्हातारी उन्हात रांगेत उभी राहून मत द्यायला आली असणार, आणि तिचं मत मोजलं गेलं नाही, या विचारानं दर वेळी माझा हात तिथं अडखळायचा.

मंडलिकांची कारकीर्द कागल तालुक्यात घडली. कागलला राजकारणाचं विद्यापीठ म्हणतात. इथं माणसाला पक्ष विचारत नाहीत, गट विचारतात. मंडलिक 1972 ला पहिल्यांदा आमदार झाले. पुढं 1985 पासून 1998 पर्यंत सलग विधानसभेत, मधल्या काळात राज्यमंत्री. 1998 ला काँग्रेसकडून खासदार, पुढच्याच वर्षी नव्या राष्ट्रवादीकडून खासदार, 2004 ला पुन्हा राष्ट्रवादीकडून. त्या वेळी शिवसेनेच्या धनंजय महाडिकांनी त्यांना घाम फोडला, फरक पंधरा हजारांच्या आत राहिला. 2009 ला पक्षानं उमेदवारी संभाजीराजे छत्रपतींना दिली. सत्तरी ओलांडलेले मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि 4,28,082 मतं घेऊन निवडून आले. संभाजीराजेंना 3,83,282 मतं पडली, फरक 44,800. चार वेळा आमदार, चार वेळा खासदार, आणि शेवटची खासदारकी कुठल्याही पक्षाच्या चिन्हाशिवाय.

त्या दिवशी माझ्या टेबलावर एकामागून एक यंत्रं येत होती. मी काही फेऱ्यांतच ओळखलं की जाळीपलीकडचे कार्यकर्ते आकडा ऐकत नाहीत, गाव ऐकतात. केंद्राचं नाव मी वाचलं की त्यांची बोटं वहीतल्या नेमक्या ओळीवर जायची. 'इथं प्लस पाहिजे होतं', 'हा बूथ मायनस कसा गेला', 'त्यांच्या गटानं चालवलं नाही' अशी कुजबूज व्हायची. वहीत गावाच्या नावापुढं तिथल्या म्होरक्याचं नाव, आणि त्यापुढं रिकामी जागा. ती जागा माझ्या आवाजानं भरली जात होती. शाळेत हजेरी घेताना जसं नाव उच्चारलं की पोरगं उठून उभं राहतं, तसं एकेक गाव उठून उभं राहत होतं. 1998 च्या टेबलावर असं एकही गाव मला दिसलं नव्हतं.

आमच्याकडं 'पैरा' हा शेतातला शब्द. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. कोल्हापूरच्या राजकारणानं तो शब्द जसाच्या तसा उचलला. लोकसभेला ज्यानं मदत केली त्याचा पैरा विधानसभेला फेडायचा. नाही फेडला तर पुढच्या निवडणुकीला हिशेब. 2014 ला काँग्रेसच्या सतेज पाटलांनी धनंजय महाडिकांना मदत केली, महाडिक 33,259 मतांनी जिंकले. हरले मंडलिकांचे चिरंजीव संजय मंडलिक. काही महिन्यांतच विधानसभेला कोल्हापूर दक्षिणमध्ये महाडिकांच्याच घरातले अमल महाडिक सतेज पाटलांसमोर उभे राहिले आणि निवडून आले. मग 2019 ला 'आमचं ठरलंय' हे वाक्य भिंतीभिंतीवर आलं. सतेज पाटील आघाडी बाजूला ठेवून महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांच्या मागं उभे राहिले. मंडलिक 2,70,568 मतांनी आले. 2024 ला शाहू छत्रपतींनी त्यांना 1,54,964 मतांनी हरवलं. 2009 ला मंडलिक वडिलांनी छत्रपतींच्या मुलाला हरवलं होतं, पंधरा वर्षांनी छत्रपती वडिलांनी मंडलिकांच्या मुलाला.

हा सगळा पैरा फेडला की नाही ते ठरतं कशावर? बूथवार आकड्यावर. भाषणात कोण काय म्हणालं याला किंमत नाही. 'तुमच्या गावानं लीड किती दिलं' एवढा एकच प्रश्न. जोडण्या लावणाऱ्याला ही यादी म्हणजे सातबारा. नेत्याच्या बाजूनं पाहिलं तर यात गैर काही नाही. आपण कुठं कमी पडलो, कुठल्या वाडीला पाणी पोहोचलं नाही, कुठला रस्ता राहिला, हे यादी सांगते. चांगला नेता मायनस बूथवर आधी जातो, आणि तिथं ऐकून घेतो. असे नेते मी पाहिले आहेत.

पण उलटंही पाहिलं आहे. एका वस्तीवर निवडणुकीनंतर आखलेली गटार तशीच राहिली. कारण कुणी कागदावर लिहून दिलं नाही, पण पारावर सगळ्यांना ठाऊक होतं. मोजणीला बसताना आमच्याकडून गुप्तता पाळण्याचं लिहून घेतात. मी एकाही माणसाचं मत कधी सांगितलं नाही, सांगूही शकत नव्हतो. तरी माझ्याच आवाजातल्या आकड्यानं सहाशे मतांची एक वस्ती सगळ्यांच्या नजरेत आली, हे मला बोचत राहिलं.

यावर उपाय नाही असं नाही. निवडणूक आयोगानं 2008 लाच 'टोटलायझर' सुचवला होता. चौदा यंत्रं एकत्र जोडायची आणि त्यांची एकच बेरीज वाचायची, म्हणजे कुठल्या गावानं काय दिलं ते कळणार नाही. विधी आयोगानंही 2015 च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. ते अजून झालेलं नाही. पक्षांना गावागावाचा आकडा हवा असतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही हवा असतो. निकालाच्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर आपण तोच तर चघळतो. पण माझ्या मते त्या पिंपाची जागा यंत्रानं भरून काढली पाहिजे. यंत्रानं बाद मतं संपवली, आणि ती अंगठ्याची पत्रिका आता कुणाचं मत खात नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पिंप देत होतं ते मात्र आपण वाटेत हरवलं.

4 जून 2024 ला मी निवृत्त होऊन घरी होतो. रमणमळ्यात मोजणी चालू होती आणि दुपारपासूनच गावातल्या पोरांच्या मोबाईलवर वह्यांतल्या पानांचे फोटो यायला लागले होते. केंद्र क्रमांक, गाव, याला इतकी, त्याला इतकी. संध्याकाळी मी देवळाच्या कट्ट्यावर बसलो होतो. पोरं मोठ्यानं वाचत होती. वरल्या वस्तीवरची एक म्हातारी दळण घेऊन चालली होती, ती थांबली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "गुरुजी, आमच्या वस्तीचं बी कळतंय व्हय ओ?"

मी म्हणालो, "मावशी, तुमचं एकटीचं नाही कळत. वस्तीचं कळतं."

ती म्हणाली, "मग एकच की ओ ते," आणि डबा डोक्यावर सारखा करून चढाला लागली.