भूसुरुंगांचा उष्णतेवरून शोध

युद्ध थांबते, सैन्ये माघारी जातात. जमिनीत पुरलेले सुरुंग मात्र तेथेच राहतात. आफ्रिकेतील चाड या देशाचा लिबियाशी चाललेला संघर्ष १९८७ मध्ये शस्त्रसंधी होऊन थांबला. तथापि, त्या काळी पेरलेल्या सुरुंगांमुळे उत्तरेकडील वाळवंटातील वाटा तीस वर्षांनंतरही गुराख्यांना व प्रवाशांना धोक्याच्याच राहिल्या.

सुरुंग शोधण्याचे नेहमीचे साधन म्हणजे धातुशोधक यंत्र. परंतु अनेक सुरुंगांचे आवरण प्लॅस्टिकचे असते व त्यांत धातूचा अंश नाममात्र असतो. यंत्राची संवेदनक्षमता वाढवावी, तर ते प्रत्येक खिळ्यावर आणि काडतुसाच्या प्रत्येक टरफलावर वाजू लागते. आणि दर वेळी माणसाला गुडघे टेकून सळईने माती चाचपावी लागते.

या कामी अवरक्त किरणांचे साहाय्य होऊ शकते. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी शोधलेले हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार ते बाहेर टाकीत असते. सुरुंगातील स्फोटक व प्लॅस्टिक हे सभोवतालच्या मातीइतक्या सहजतेने उष्णता वाहून नेत नाहीत. त्यामुळे दिवसा सुरुंगावरील मातीचा थर अधिक तापतो, कारण त्याची उष्णता खाली झिरपत नाही. रात्री खालची ऊब वर येत नाही, म्हणून तोच थर अधिक निवतो. संवेदक हा सूक्ष्म फरक टिपतो व पडद्यावर फिकट वा गडद ठिपका उमटतो. सकाळी आणि सायंकाळी मात्र एक वेळ अशी येते, की दोन्हींचे तापमान सारखे होते आणि ठिपका नाहीसा होतो! तपासणीची वेळ त्यामुळे जपून निवडावी लागते.

'जमिनीच्या आत पाहणारा कॅमेरा' हे या साधनाचे वर्णन यथार्थ नव्हे. त्याला सुरुंग दिसत नाही, पृष्ठभागाची उष्णता तेवढी दिसते. सुरुंग खोल असेल, वर दाट गवत असेल, पाऊस पडून गेला असेल किंवा वारा जोराचा असेल, तर ही खूण पुसट होते. उलट, एखादा दगडही तसाच ठिपका दाखवू शकतो.

उघड्या वाळवंटात अडचणी त्यामानाने कमी. हँडिकॅप इंटरनॅशनल या संस्थेने २०१९ मध्ये चाडमधील फाया-लार्जो परिसरात लहान ड्रोनवर असा कॅमेरा बसवून पुरलेल्या सुरुंगांच्या जागा हेरल्या. धोक्याच्या जमिनीवर पाऊल न ठेवता सुरुंगांच्या रांगा नकाशावर आल्या. त्या जागी जाऊन सुरुंग काढण्याचे काम अर्थातच माणसाचे, आणि तेथे सळई व धातुशोधक यंत्र यांवाचून गत्यंतर नाही.