सालीचा तुकडा उडी मारतो तेव्हा

देवळीहून कुठल्याही पांदणीने निघा, धुऱ्यावर कडुनिंब भेटतोच. नजर मात्र वावरातल्या कपाशी-तुरीवर जाते. एकदा त्या खोडाशी थांबा. हात न लावता सालीकडे पाहत राहा. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग एखादी मुंगी चालत येते, आणि सालीचाच एक तुकडा तिच्यावर झेप घेतो.

तो हर्सिलिया, दोन शेपट्यांचा कोळी. भारतात आढळणाऱ्या हर्सिलिया सॅव्हिग्नी या जातीचं वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुकास यांनी १८३६ मध्ये केलं. अंग जेमतेम सेंटिमीटरभर, पाय लांबच लांब. ‘शेपट्या’ म्हणजे रेशीम सोडणारे अवयव. या शेपट्या भक्ष्याकडे वळवून तो त्याच्याभोवती गरगर फिरतो आणि त्याला सालीलाच बांधून टाकतो. चावा नंतर.

त्याचा रंग सालीसारखा आहेच, पण खरी करामत सावलीची आहे. आपला डोळा आकार ओळखतो तो सावलीवरून. हा चपटा होऊन सालीला असा चिकटतो की सावली जवळजवळ पडतच नाही. फोटो काढताना फ्लॅश समोरून मारला तर उरलीसुरली सावलीही पुसली जाते. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून कडेला धरावा, पुढे पातळ पांढरा कागद लावावा. पायांची किनार उठून येते. मॅक्रो लेन्समध्ये अगदी जवळून जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा थरच स्पष्ट येतो, म्हणून कॅमेरा खोडाला समांतर हवा. तिरपा झाला की डोळे स्पष्ट आणि पाय धूसर. आणि हालचाल सावकाश. बिचकला की तो क्षणात खोडाच्या पलीकडे पळतो.

काही जण त्याला काडीने हिरव्या पानावर आणतात, फोटो ‘उठावदार’ होतो म्हणून. मला ते मुळीच पटत नाही. त्या फोटोत कोळी असतो, त्याचं जगणं नसतं.

शिवाय लपणं नेमकं कोणापासून, हेही पाहायला हवं. ऑस्ट्रेलियातल्या पांढऱ्या फुलांवरचा पांढरा खेकडा-कोळी आपल्याला दिसत नाही; पण मधमाश्यांना अतिनील प्रकाश दिसतो. त्या प्रकाशात तो फुलावर चमकतो आणि मधमाश्या त्याच फुलाकडे ओढल्या जातात, असं २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं.

कोळी आणि त्याचं लपणं, दोन्ही दिसावं म्हणून मी प्रत्येक कोळ्याचे दोन फोटो घेतो. एक जवळून, ओळख पटावी म्हणून. दुसरा चार पावलं मागून, पूर्ण खोडाचा. घरी हा दुसरा दाखवला की सगळे विचारतात, “यात कोळी कुठाय?” मग पोरं फोटोवर वाकून शोधायला लागतात.