बत्तीस बोअर आणि दहा मीटर

दसऱ्याला महाराष्ट्रातल्या काही घरांत तलवारीशेजारी पाटावर एखादं रिव्हॉल्व्हरही मांडलेलं असतं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. मग ते परत कुलपात. त्यातून वर्षभरात एकही गोळी सुटत नाही, आणि मालकाला त्याची खंतही नसते. भारतात पिस्तूल बाळगण्याची हौस आणि ते चालवण्याची हौस या बहुतेकदा दोन निराळ्या माणसांना असतात.

याचं मूळ १९५९च्या शस्त्र कायद्यात आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ती ९ मिलिमीटरसारखी बोअर, म्हणजे नळीची मापं, ‘प्रतिबंधित’, त्यामुळे सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला प्रामुख्याने .३२ येतं. अर्ज शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मग पोलीस पडताळणी, आणि जिवाला धोका आहे तो कशावरून, हा प्रश्न. परवाना मिळालाच, तर किती काडतुसं घ्यायची तेही त्यावर नोंदलेलं. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना शस्त्र ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते.

शिवाय १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य ग्राहकासाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद झाली. त्याआधी आलेली वॉल्थर किंवा वेब्ली परवानाधारकांमध्येच हातोहात फिरत राहतात आणि जुनी होत जातात तशी महागही होतात. देशी पर्यायांपैकी एक म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्याचं, वेब्लीच्या घराण्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर. त्याच कारखान्याने २०१४मध्ये खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ आणलं. वजन साधारण अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. स्वसंरक्षणाच्या नावाखाली ठेवलेली ती किंमत पाहता नेमक्या कोणत्या महिला डोळ्यांसमोर होत्या, असं कुणी विचारलं तर चूक नाही.

संग्राहकांची वाट तर आणखी अरुंद. पूर्वी एका परवानाधारकाला तीन शस्त्रं ठेवता येत. २०१९च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. दोन शस्त्रांना संग्रह कोण म्हणणार? नेमबाजांना मात्र वेगळी सवलत आहे.

खरा नेमबाजीचा छंद वाढला तो बारूद नसलेल्या पिस्तुलावर. ठरावीक ताकदीखालच्या ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. वरळीची रेंज असो, बालेवाडीचं संकुल असो की कोल्हापूरचं दुधाळी, नवखा बहुधा इथूनच सुरुवात करतो. नळीखाली दाबलेल्या हवेचा सिलिंडर, मागून एकेक छर्रा भरायचा, आणि दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं. पिस्तूल एकाच हाताने धरायचं. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात.

हौशी माणसाचे पैसे इथे यंत्रावर जातात, पण वेळ जातो तो लाकडी मुठीवर. नवी मूठ कुणाच्याच हाताला नेमकी बसत नाही. मग कुठे कानशीने घासायचं, कुठे पुटी भरायची, पुन्हा धरून पाहायचं. डोळे मिटून पिस्तूल उचललं आणि डोळे उघडल्यावर पुढची माशी मागच्या खाचेत सरळ दिसली, तर मूठ जमली. नेम धरतानाही नजर माशीवरच. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं. ट्रिगर ओढायला नियमानुसार किमान ५०० ग्रॅमचा दाब लागतो. ‘आता!’ म्हणून तो झटक्यात ओढला की छर्रा भरकटलाच. म्हणून घरी भिंतीसमोर उभं राहून छर्रा न भरता तासन् तास सराव चालतो. पाहणाऱ्याला त्याच्याइतकं कंटाळवाणं दुसरं काही नसेल.

पुढची पायरी २५ मीटरची, .२२ काडतुसांची. तिथे पुन्हा परवाना, रायफल क्लबचं सदस्यत्व आणि आयात काडतुसांचा खर्च आहेच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने याच प्रकारात २०१३मध्ये चांगवॉनला विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ती आणि थायलंडची प्रतिस्पर्धी ३४ गुणांवर बरोबरीत अडकल्या. शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला. दुसऱ्या शूट-ऑफमध्ये राहीने बाजी मारली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.