एअर फ्रायरमधल्या चान्या

आज खाण्याचा विषय. यूट्यूबवर 'बीफ जर्की' बघितली असेल, वाळवलेल्या मांसाच्या चिवट पट्ट्या. ती एअर फ्रायरमध्ये घरी होते का? होते. पण आमच्या परभणीकडं दलित वस्त्यांमध्ये हीच गोष्ट चान्या या नावानं पिढ्यान् पिढ्या होत आलीये. फ्रीज नव्हता, मग उरलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या कापून दोरीवर, कडक उन्हात. शाहू पाटोळेंच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकात मराठवाड्यातलं हे सगळं जेवण आहे, जरूर वाचा. आमच्या घरी चान्या शाळेच्या डब्यात मात्र कधीच गेल्या नाहीत. का, ते सांगायला नको.

आधी कायद्याचं. 2015 पासून महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्ग त्या बंदीत नाही. म्हणून मी म्हशीचंच आणतो, परवाना असलेल्या दुकानातून, आणि पावती जपून ठेवतो.

आता मशीन. माझी पहिली बॅच 180 डिग्रीवर लावली होती. बाहेरून कोळसा, आतून ओली! वाळवणं म्हणजे भाजणं नाही. पाणी हळूहळू बाहेर जायला पाहिजे. डिहायड्रेट मोड असेल तर 70 डिग्री ठेवा. बऱ्याच फ्रायरचं तापमान 80 च्या खाली उतरतच नाही, तर 80 वर चालवा आणि दर अर्ध्या तासाला पट्ट्या उलटा. पाव किलोच्या वर घालू नका, एकावर एक पट्टी नको. साधारण तीन तास लागतात. वाकवली की तडा जावा पण तुकडा पडू नये, एवढं वाळलं की झालं.

कापायच्या आधी मांस तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, अर्धा सेंटीमीटरच्या पट्ट्या नीट निघतात. चरबी सगळी काढा, ती वाळत नाही, खवट होते.

आणि हे नीट ऐका. जर्की पाकिटातून काढून थेट खातात. चान्या तशा खात नाहीत. त्या निखाऱ्यावर भाजतात नाहीतर डाळीत शिजवतात. जंतू मरायचे ते तिथं. मांस सावकाश वाळत गेलं की त्यातले जंतू उष्णतेला जास्त दाद देईनासे होतात, म्हणून फक्त वाळवण्यावर भरवसा ठेवू नका. तशीच खायची असेल तर आधी मीठ, हळद, तिखटाच्या पाण्यात पट्ट्या पाच मिनिटं खळखळ उकळा, मग निथळून फ्रायरमध्ये. आतलं तापमान 71 डिग्रीला पोचलं पाहिजे. रंग थोडा उतरतो, उतरू दे.

मी हे सगळं शिकून, उकळून, वाळवून आजीला एक पट्टी दिली. तिनं वास घेतला आणि सरळ चिमट्यात धरून गॅसवर भाजली. "कच्चं देतो का रं मला?" मी कितीही सांगितलं, ऐकेना.

बरणीत भरल्यावर रात्रभर बघा. काचेला आतून दव धरलं तर परत वाळवा. पावसाळ्यात तर बरणी फ्रीजमध्येच, आणि दोन आठवड्यांत संपवा. आमच्याकडं तेवढ्या टिकतच नाहीत.