पटात शिरताना डोकं कुठं असतं?

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची अंतिम कुस्ती झाली. महेंद्र गायकवाडनं सिकंदर शेखला मारलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण द्यायचे होते की नाही, यावर पुढं कित्येक दिवस राज्यभर वाद रंगला. बारामती-इंदापूर पट्ट्यात तो रंगणारच होता. राज्य कुस्तीगीर परिषदेचं अध्यक्षपद वर्षानुवर्षं बारामतीच्या शरद पवारांकडं होतं, आणि इथल्या गावांत जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. कोणाची पाठ मातीकडं किती वळली, हे मोबाइलवर चित्र थांबवून थांबवून पाहणारा हा प्रेक्षक आहे.

त्याच मोबाइलवर आता एमएमएच्या, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या खेळाच्या लढती येतात. कुस्तीतून आलेल्या गड्याला दोन ठोसे बसले की शेरा ठरलेला: ‘ह्याला मार चुकवताच येत नाही.’ बहुतेक वेळा हा शेरा भलतीकडं बघून मारलेला असतो. बॉक्सरचा बचाव डोकं हलवण्यात, खांदा वळवण्यात दिसतो, म्हणून आपण मल्लाकडंही तेच शोधतो. त्याचा बचाव मात्र अंतरात असतो.

फडातली खडाखडी आठवा. मनगट धर, मान दाब, डोक्याला डोकं लाव, मागं सर. या सगळ्यात हातभर अंतरावर उभं राहिलं तरी मल्लाचं काही बिघडत नाही. तिथं तो दम घेतो, समोरच्याचा अंदाज घेतो. एमएमएमध्ये नेमकं तेच अंतर सगळ्यात महाग. त्याहून लांब असलं तर ठोसा पोचत नाही, अंगाला चिकटलं तर त्याला जोर मिळत नाही. म्हणून कुस्तीतून आलेल्या गड्याचा बचाव जोखायचा तर पहिला प्रश्न असा: मधल्या त्या पट्ट्यात तो किती वेळ रेंगाळतो? चांगला मल्ल तिथं थांबत नाही, तो पट्टा ओलांडून आत शिरतो नाहीतर बाजूला निघतो. सरळ रेषेत मागं जाणारा जाळीला पाठ लागेपर्यंत मार खातो.

दुसरी गोष्ट पटाची, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला आत शिरण्याची. मातीत पटात शिरताना डोकं खाली गेलं तर वस्ताद ओरडतील, फार तर समोरचा वरून दाबेल. पिंजऱ्यात तिथं गुडघा वाट बघत असतो. बेन ऍस्क्रन हा अमेरिकेचा मल्ल २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळलेला. ६ जुलै २०१९ ला यूएफसी या एमएमए संस्थेच्या ‘यूएफसी २३९’ मध्ये घंटा होताच होर्हे मासविदाल धावत आला, ऍस्क्रन पायांसाठी वाकला आणि उडत आलेला गुडघा त्याच्या डोक्यावर बसला. पाच सेकंदांत लढत संपली. ऍस्क्रनला ठोसे चुकवता येत होते की नाही, हा प्रश्न तिथं उद्‌भवलाच नाही. त्याचा सगळ्यात हुकमी डाव हीच त्याची उघडी बाजू ठरली.

वाकलेल्या डोक्यामागं मानही जाते. महाराष्ट्राचा भारत खंडारे २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये यूएफसीत उतरला, तेव्हा चीनच्या साँग यादाँगनं पहिल्याच फेरीत त्याला गिलोटिन चोकमध्ये, म्हणजे समोरून मान काखेत आवळणाऱ्या पकडीत धरून लढत संपवली. मल्लाची मान लोखंडासारखी मजबूत होते, पण कुस्तीत गळा आवळायला बंदी असल्यामुळं ती लपवायची सवय त्याला लागत नाही.

मग आकडे काय सांगतात? एमएमएमध्ये ‘स्ट्रायकिंग डिफेन्स’ नावाची टक्केवारी दाखवतात: समोरच्यानं केलेल्या दखलपात्र प्रहारांपैकी किती लागले नाहीत. समजा एकावर वीस प्रहार झाले आणि आठ लागले; दुसऱ्यावर शंभर झाले आणि चाळीस लागले. दोघांचाही बचाव साठ टक्के! पहिल्यानं समोरच्याला हात उचलायला सवडच दिली नाही, हे त्या टक्केवारीत कुठंच नाही. मल्लासाठी खरा आकडा शेजारी असतो, मिनिटाला किती प्रहार खाल्ले त्याचा. माझ्या मते तोही लढत डोळ्यांनी पाहिल्यावरच वाचावा.

समोरच्याचे हात बांधून ठेवणारी गोष्ट म्हणजे पटाची धास्ती. ६ ऑक्टोबर २०१८ ला यूएफसीत पकडीत तरबेज खबीब नुर्मागोमेदोव आणि कॉनर मॅक्ग्रेगर लढले. ठोशांचा बादशहा मॅक्ग्रेगर, पण दुसऱ्या फेरीत खाली बसला तो खबीबच्या उजव्या ठोशानं. पहिली फेरी जवळपास सगळी खाली दबून काढल्यावर माणसाचं अर्धं लक्ष पायांकडंच राहणार. चौथ्या फेरीत खबीबनं मानेची पकड घालून निकाल लावला. त्याची शैली बॉक्सिंगच्या मास्तरांना बहुधा आवडणार नाही: हनुवटी कधी वर, हात कधी खाली. तरी त्याला गाठून मारणं अवघड होतं, कारण मारायला पुढं टाकलेला प्रत्येक पाय धरला जायची भीती होती.

पंचांकडून मात्र बचावाला दाद मिळत नाही. एमएमएच्या एकत्रित नियमांनुसार फेरीला दहा गुणांची पद्धत आहे, आणि आधी पाहतात ते परिणामकारक प्रहार व परिणामकारक पकड. त्यात दोघं अगदी समान ठरले तरच आक्रमकता, आणि तिथंही बरोबरी झाली तर पिंजऱ्यावरचा ताबा. चुकवलेल्या ठोशाला स्वतंत्र गुण नाही. नुसतं खाली पाडून धरून ठेवलं तरी फारसं पदरात पडत नाही. खाली काहीतरी घडवावं लागतं. कोथरूडच्या चार गुणांवर भांडलेल्या प्रेक्षकाला हे पचायला जड जाईल, कारण कुस्तीत पाडल्याचे गुण लगेच फळ्यावर लागतात.

लाथेचं थोडक्यात. मल्ल खाली वाकून, पुढच्या पायावर भार टाकून उभा राहतो. पटासाठी ते बरोबरच, पण त्या पोटरीवर लाथा बसायला लागल्या की भार उचलून लाथ अडवायला त्याला उशीर होतो. तीन-चार लाथांनंतर पट मारायचा जोरच त्या पायात उरत नाही.

तेव्हा तालमीतल्या एखाद्या पोराला या खेळात जायचं असेल, तर त्याच्या चांगल्या पटांची चित्रफीत बाजूला ठेवावी आणि फसलेले पट बघावेत, तेही शेवटच्या फेरीतले. पट फसल्यावर तो गुडघ्यांवर किती वेळ राहतो, उठताना हात कानाशी येतात की जमिनीवर टेकतात, आणि सुटून निघताना तो समोरच्याच्या जोरकस हाताकडं निघतो की त्यापासून लांब, एवढं वस्तादानं टिपून ठेवावं.