न ठरवलेला तास

संपादकांनी मागितला होता तो जाझवरचा सर्वसाधारण लेख. मुंबईतली जुनी हॉटेलं, गोव्याचे वादक, आता काय उरलंय, असा. त्याची टिपणं काढता काढता एका ऑस्ट्रेलियन त्रिकुटाची तबकडी हाती लागली आणि बाकीचं सगळं बाजूला पडलं. त्रिकुटाचं नाव ‘द नेक्स’. पियानोवर क्रिस अब्राहम्स, डबल बासवर लॉइड स्वॉन्टन, ड्रम्सवर टोनी बक. तबकडी ‘टाउन्सव्हिल’, २००७च्या फेब्रुवारीत क्वीन्सलंडमधल्या त्या शहरात भर मैफलीत मुद्रित केलेली. तिच्यात एकच रचना आहे, ५० मिनिटांहून लांब.

यांच्या मैफलीची रीत अशी. तिघं मंचावर येतात, आपापली जागा घेतात. काय वाजवायचं ते ठरलेलं नसतं. सूर कुठला, लय कुठली, सुरुवात कोणी करायची, यातलं काहीच नाही. थोडा वेळ तिघंही नुसते थांबतात. मग कुणीतरी एक काहीतरी अगदी छोटं मांडतो: बासवर दोन-तीन स्वर, झांजेवर घासत नेलेली काठी, पियानोवर हलकीशी लहर. दुसरा केव्हातरी त्यात उतरतो, तिसराही. पाऊण तास, तासभर हे चालतं आणि जसं सुरू झालं तसंच विरत जातं. मध्यंतरानंतर तेवढंच लांब आणखी एक, पहिल्याशी काही संबंध नसलेलं. तालीम हा प्रकार नाही. बहुतेक वेळा अब्राहम्सची पाठ बाकीच्या दोघांकडे असते, त्यामुळे नजरेच्या खुणाही नाहीत.

अधिकृत इतिहास थोडक्यात आटोपतो. १९८७ साली सिडनीत तिघं एकत्र जमले ते लोकांसमोर वाजवायला नव्हेच, आपल्यापुरतं काहीतरी करून बघायला. तिघंही पट्टीचे व्यावसायिक वादक, जाझपासून रॉकपर्यंत सगळीकडे वाजवलेले. १९८९मध्ये पहिली तबकडी आली, ‘सेक्स’. त्यात ५६ मिनिटांची एकच रचना आहे आणि तिच्या तळाशी बासची एकच सुरावट फिरत राहते. १९९८मध्ये ‘द बॉइज’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाचं संगीत. ‘फिश ऑफ मिल्क’ हे स्वतःचं लेबल. बक बर्लिनला राहायला गेला, पण तिघांतला एकही आजवर बदललेला नाही.

जाझ म्हटलं की एक ठरीव घाट डोळ्यासमोर येतो. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, मग एकेकानं पुढे येऊन आपली करामत दाखवायची, टाळ्या घ्यायच्या, शेवटी पुन्हा चाल. इथे पुढे कुणीच येत नाही. म्हणून काही जाणकार याला जाझ म्हणायला तयार नसतात. मला ते पटत नाही. वाद्यं तीच आहेत, हातांना लागलेलं वळण तेच आहे, आणि ऐन क्षणी दुसऱ्याचं ऐकून उत्तर देण्याचा जो जाझचा गाभा, तो इथे कमी तर नाहीच, उलट त्यावाचून दुसरं काही शिल्लक ठेवलेलं नाही.

‘टाउन्सव्हिल’ ऐकताना मी अडकले ती पियानोपाशी. अब्राहम्स थोड्याच स्वरांच्या लहरी उठवत राहतो, एकीवर दुसरी, न थांबता. दहा-पंधरा मिनिटं गेली की त्या लहरींच्या वर कुणीतरी गात असल्याचा भास होऊ लागतो. लांब, संथ स्वर, जे कोणाच्याही बोटातून आलेले नाहीत. तंबोरा ऐकून कान तयार झालेल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं. खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार निघतो तो हाच प्रकार. ग्रँड पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात. उजव्या पायाचं पेडल दाबून धरलं की त्यांच्यावरचे नमद्याचे दाबे एकदम उचलले जातात आणि सगळ्या मोकळ्या होतात. वाजवलेल्या मोजक्या तारांबरोबर बाकीच्या, सतारीतल्या तरफांसारख्या, आपोआप गुंजतात.

शिवाय एक गंमत या वाद्याच्या जुळणीतच आहे. पेटीबद्दल आपल्याकडे जी जुनी तक्रार, की तिचा गंधार चढा असतो, तीच पियानोलाही लागू पडते. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर पियानोच्या पट्टीवरचा गंधार षड्जातून निघणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. एरवी स्वर चटकन येऊन जातात म्हणून ते कानाला बोचत नाही. इथे मात्र तेच स्वर तासभर हवेत ठेवलेले असतात. दोन गंधार एकमेकांवर घासतात आणि नादाला डोल येतो. वाद्याचा दोष म्हणून सांगितली जाणारी गोष्ट या माणसानं मैफलीचा ऐवज करून टाकली आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

हे हाताला कसं जमतं ते समजून घ्यायला मी मुंबईत पियानो दुरुस्त करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांकडे गेले. मूळचे ते म्हापशाचे. त्यांनी एका ग्रँडची पुढची फळी काढली आणि पट्ट्या-हातोड्यांची अख्खी यंत्रणा कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढली. म्हणाले, ‘‘एक पट्टी दाबा, बाई. अगदी हळू. शेवटी अडखळ लागेल.’’ लागली. त्या अडखळीपाशी हातोडी पट्टीच्या ताब्यातून सुटते आणि उरलेलं जरासं अंतर आपल्याच वेगानं जाऊन तारेवर पडते. सुटली नाही तर ती तारेला चिकटून राहील आणि नाद जागीच मरेल. ‘‘आता बोट पूर्ण उचलू नका. अर्ध्यावर आणा, परत दाबा.’’ हातोडी पुन्हा उठली. भिंतीला लावलेल्या उभ्या पियानोत असं होत नाही, तिथे पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. ग्रँडमध्ये प्रत्येक पट्टीमागे स्प्रिंगवर तोललेली एक जास्तीची दांडी असते. परतणाऱ्या हातोडीला ती वरच्यावर धरते आणि पुढच्या फटक्याला सज्ज ठेवते. पॅरिसच्या एरार्डच्या कारखान्यानं या युक्तीचं पेटंट १८२१मध्ये घेतलं आणि आजच्या ग्रँड पियानोंतही थोड्याफार फरकानं तीच आहे.

त्यांनी चिमट्याच्या टोकानं ती बारीक स्प्रिंग दाखवली. ढिली पडली तर पट्टी दुसऱ्यांदा बोलत नाही, ताठ झाली तर बोटाला झटका जाणवतो. मुंबईच्या दमट हवेत नमदा फुगतो, लाकूड फुगतं, आणि अर्ध्यावरून परत दाबण्याची ही सोय सगळ्यात आधी बिघडते. मी फोनवर ‘टाउन्सव्हिल’ लावलं. काम करता करता ते ऐकत होते. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि विचारलं, ‘‘ह्यांनी पेडल अजून सोडलंच नाही का हो?’’

अब्राहम्सचं वाजवणं या स्प्रिंगच्या भरवशावर चालतं. आणि त्याच्या स्नायूंच्या. तोच आकार अर्धा तास वाजवताना हात दमतो. करंगळीचा दाब कमी होतो, अंगठा थोडा आधी पडतो, आघात एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर सरकतो. दुसरा वादक ही चूक म्हणून सावरून घेईल. इथे स्वॉन्टनला ती ऐकू येते आणि बासचा एक स्वर तो नव्या आघाताखाली नेऊन ठेवतो. बकचे चार अवयव चार कामांत गुंतलेले असतात, एका हातात खुळखुळा, दुसऱ्यात काठी, दोन्ही पाय पेडलांवर, आणि त्यातलं एक काम हळूच वेग धरतं. दहा मिनिटांनी आपण भलत्याच ठिकाणी पोचलेले असतो. वळण कुठे घेतलं ते सांगता येत नाही, कारण ते कुणी एकानं घेतलेलंच नसतं. लांबी लागते ती यासाठी. सहा मिनिटांत हात दमत नाहीत आणि कानही वरचे स्वर वेगळे काढायला शिकत नाहीत.

या तऱ्हेच्या संगीताचा एक धागा आपल्या दारावरून जातो. मोजक्या स्वरांची दीर्घ आवर्तनं करणारा मिनिमलिझम अमेरिकेत १९६०च्या दशकात रुजला. टेरी रायलीची ‘इन सी’ ही ५३ छोट्या तुकड्यांची रचना १९६४ची. पुढे १९७०मध्ये पंडित प्राणनाथ न्यूयॉर्कला गेले आणि मिनिमलिझमचाच दुसरा संगीतकार ला मॉण्ट यंग आणि रायली, दोघंही त्यांचे शागीर्द झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. एकेका स्वरावर ठाण मांडून संथ बढत करायची ती खाँसाहेबांची ख्याती. त्याच घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि महाराष्ट्राचा कान त्यांनी घडवला. सिडनीच्या त्रिकुटानं किराणा गायकी समोर ठेवली असं मी म्हणत नाही. पण विलंबित ख्यालात मुरलेल्या श्रोत्याला या संगीताच्या संथपणाशी ओळख करून घ्यावी लागत नाही. चुकचुकल्यासारखं होतं ते फक्त सम नसल्यामुळे.

करीम खाँसाहेबांचं जे गाणं आज आपल्याकडे आहे ते ७८च्या तबकड्यांतलं, तीन-साडेतीन मिनिटांचं. मैफलीत ते काय आणि किती गात असतील याचा अंदाजच करायचा. तबकडीत मावलं तेवढं उरलं. ‘द नेक्स’च्या बाबतीत मला काळजी वाटते ती याचीच. १९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ७४ मिनिटं अखंड मावत होती. ‘सेक्स’ ५६ मिनिटांची होऊ शकली, १९९९ची ‘हँगिंग गार्डन्स’ आणि २००३ची ‘ड्राइव्ह बाय’ तासाभराच्या होऊ शकल्या, कारण तेवढं मोठं भांडं हाताशी होतं. आता सीडी दुकानांतून गेली आणि एलपी परत आली. एलपीच्या एका बाजूला २०-२२ मिनिटांपेक्षा जास्त चांगलं बसत नाही. २०१७च्या ‘अनफोल्ड’मध्ये चार बाजूंना चार रचना आहेत. बाजूंना क्रमांक दिलेले नाहीत, कुठून सुरू करायचं ते ऐकणाऱ्यानं ठरवावं. २०२३च्या ‘ट्रॅव्हल’मध्येही वीसेक मिनिटांच्या चार. दोन्ही सुंदर आहेत. पण हात दमून काही घडू लागायच्या आत सुई उचलावी लागते.

फोनवर लांबीची अडचण नाही, तिथे अडचण हिशेबाची. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक वेळ मोजली जाते. तीन मिनिटांचं गाणं एकदा ऐकलं तर एक आणि ‘द नेक्स’ची ६७ मिनिटांची ‘सिल्व्हरवॉटर’ एकदा ऐकली तरी एकच. तेवढ्या वेळात कुणी वीस छोटी गाणी ऐकली तर वीस. शिवाय २०२४पासून वर्षभरात १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या रचनेला काहीच मिळत नाही. या हिशेबात तासभर वाजवणाऱ्याचा तोटा नियमातच लिहिलेला आहे. नव्या मुलांनी असं वाजवायला घ्यायचं तर कशाच्या जोरावर?

जोर मग मैफलींचा, आणि त्या दिवसेंदिवस अवघड होत जाणार. तिघंही साठी ओलांडलेले. दोन खंडांत घरं. डबल बास विमानातून नेणं हा कुठल्याही बासवादकाच्या डोक्याला ताप असतो, आणि पियानोवादक तर आपलं वाद्य नेऊच शकत नाही. सभागृहात जो असेल तो, त्याच्या स्प्रिंगांसकट. एखाद्या पट्टीनं परत बोलायचं नाकारलं तर ती टाळून पुढचा तास उभा करायचा.

सगळ्यात अवघड प्रश्न पुढच्यांचा आहे. घराण्यात गुरू गेला तरी बंदिशी राहतात, राग राहतात, शिष्याच्या गळ्यात तालीम राहते. या तिघांकडे पुढे देण्यासारखी एकही चाल नाही. एकाला जरी मनगटानं दगा दिला तरी बदली वादक घेऊन भागणार नाही, कारण लागून राहिलेली सवय आहे ती तिघांना एकमेकांची. स्टुडिओतल्या तबकड्यांवर ऑर्गन, गिटार, थरावर थर चढवलेले असतात. नुसत्या पियानो-बास-ड्रम्सवर, एका बैठकीत, एका खोलीतल्या हवेसकट काय घडतं ते ऐकायचं तर १९९८ची ‘पियानो बास ड्रम्स’, २००२मध्ये निघालेला चार मैफलींचा संच आणि ‘टाउन्सव्हिल’. तीन तपांहून अधिक काळ, रात्रीमागून रात्री जे वाजवलं गेलं, त्यातलं इतकंच.